मुलगा १४ चा, डिस्लेक्सिया आहे. जूनपासून शाळा सोडवून घरीच शिकवू का?

किनाऱ्यावरची:

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर समजून घ्या. आम्ही देवगड तालुक्यात राहतो, मिस्टर ट्रॉलरवर तांडेल आहेत, मी बारावी झालेय आणि घरी शिवणकाम करते. मुलगा आत्ता आठवीची परीक्षा देऊन बसलाय, १५ जूनला नववी सुरू. गेल्या दिवाळीत कोल्हापूरला एका मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे नेलं होतं, दोन दिवस टेस्ट घेतल्या आणि रिपोर्टमध्ये अध्ययन अक्षमता, डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे वाचायची आणि लिहायची अडचण, असं लिहून दिलं. बुद्ध्यांक चांगला आहे म्हणाल्या. तोपर्यंत आठ वर्षं आम्ही सगळे त्याला आळशीच म्हणत होतो, मीसुद्धा, आणि ते आठवलं की रात्री झोप लागत नाही.

वाचताना तो पहिलं अक्षर बघतो आणि बाकीचा शब्द अंदाजाने म्हणतो. 'समुद्र' लिहिलेलं असलं की 'समोर' म्हणतो. घ आणि ध, भ आणि म यात कायम गोंधळ. वहीत फळ्यावरचं उतरवताना दोन ओळी होईपर्यंत फळा पुसलेला असतो, मग तो तिसरी ओळ अर्धी सोडून सरळ नवीन पान उघडतो, सगळ्या वह्या अशाच, अर्ध्या अर्ध्या पानांच्या. पण हाच मुलगा इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून सांगतो की डिझेलच्या लायनीत हवा धरलीय. आजोबांनी त्याला तिथीवरून भरती काढायला शिकवलंय, तिथीची पाऊणपट करायची. त्याला झोपेतून उठवून विचारा, पंचमी म्हटलं की पावणेचार, दशमी म्हटलं की साडेसात, लगेच. आणि शाळेत पाऊणकीचा पाढा म्हणायला सांगितला तर तोंडातून शब्द फुटत नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात शाळेत बोलावलं आणि सांगितलं की नववीपर्यंत ठेवू, पण दहावीला तुम्ही १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, आमचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो. शाळेचं नाव लिहीत नाही, गावात राहायचंय. रिपोर्ट दाखवला तर म्हणाले हे मुंबईकडचं फॅड आहे. त्याला शेवटच्या बाकावर एकटा बसवतात. रविवारी रात्रीपासून त्याच्या पोटात दुखायला लागतं, डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही नाही. गेल्या आठवड्यात दप्तर आवरताना विज्ञानाच्या पुस्तकाचं पहिलं पान दिसलं, त्यावर त्याने स्वतःचं नाव लिहून ते पेनाने फाटेपर्यंत खोडलं होतं. ते पान हातात घेऊन मी कितीतरी वेळ तशीच बसून होते.

म्हणून वाटतं की काढावा आणि घरीच शिकवावा. मिस्टर म्हणतात तू ठरव, सासूबाई म्हणतात लोक काय म्हणतील, माहेरचे म्हणतात हॉस्टेलला टाक. मला खरंच कळत नाहीये. कायद्याने चालतं का? दहावी कुठून देणार? आणि घरात बसून एकटा पडला तर? कोणी केलं असेल तर खरं खरं सांगा.


रत्नागिरीची_मावशी:

ताई, तुझी पोस्ट वाचून हात थरथरले, कारण ते खोडलेलं नाव मी आमच्याकडे पाहिलंय, फक्त आमच्या मुलीने कंपासपेटीवर ब्लेडने खरवडलं होतं. मी केलंय होमस्कूलिंग, दोन वर्षं, मुलगी आता बारावी होऊन बेकरीचं काम शिकतेय, म्हणून मोकळेपणाने लिहिते, गोड करून नाही.

आधी तुझी भीती काढते. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो सहा ते चौदा वयाला लागू आहे, आणि घरी शिकवलं म्हणून आईबापाला शिक्षा करणारं कलम त्यात नाही. तुझा तर १४ पूर्ण होतोय. पण शाळेतून काढलास तर शाळा सोडल्याचा दाखला नीट बघून घे, जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग आणि आठवी उत्तीर्ण हे स्वच्छ लिहिलेलं पाहिजे, आमच्या दाखल्यात एक महिना चुकला होता आणि तो दुरुस्त करायला मी चार खेपा घातल्या.

दहावी आम्ही एनआयओएसमधून दिली, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. दहावीला किमान वय १४. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा, बाकीचे आपल्या निवडीचे. मराठी माध्यम आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ वेळा बसता येतं. म्हणजे दोन विषय आत्ता, एक पुढच्या वेळी, असं सुट्टं सुट्टं देता येतं, आणि ह्या एका गोष्टीने माझी मुलगी वाचली. एका वेळी एकच डोंगर. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री असले विषय आहेत. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, त्यात पाचवी, आठवी, दहावी, बारावीला बसता येतं, पण त्याचा मला अनुभव नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. पहिले तीन महिने काहीच शिकवू नकोस. आम्ही जुलैपासून टाइमटेबल लावलं, सकाळी नऊ ते बारा, आणि ऑगस्टपर्यंत आमच्या दोघींत बोलणं बंद झालं होतं. मी आई राहिलेच नव्हते, मी तिची दुसरी शाळा झाले होते. ती जेवायलासुद्धा माझ्यासमोर बसेना. मग तिच्या बाबांनी मध्ये पडून अभ्यास आठवड्यातले चार दिवस फक्त दीड तास केला, आणि तो शिकवायला शेजारची बीएड करणारी मुलगी ठेवली, महिन्याला थोडे पैसे देऊन. मी फक्त वाचून दाखवायचे. धडा मी वाचायचा, ती ऐकायची, उलटून सांगायची, आणि तिचं सांगणं फोनवर रेकॉर्ड करायचं. लिहायचं सगळ्यात शेवटी.

आणि एकटेपणा. ते खरं आहे, तुझी भीती बरोबर आहे. मैत्रिणी सुरुवातीला यायच्या, मग त्यांचे क्लास सुरू झाले, मग थांबल्या. गणपतीत पाच दिवस घर भरलेलं होतं आणि विसर्जन झाल्यावर ती माजघरात बसून रडली, म्हणाली आता परत कोणी नाही. मुंबई-पुण्यात होमस्कूलवाल्यांचे ग्रुप असतात, एकमेकांच्या घरी जातात, आपल्याकडे गावात एकच मूल दिवसा रस्त्यावर दिसलं की दहा जण विचारतात शाळेत का नाही गेलास. हे रोज ऐकायला लागतं, तुलाही आणि त्यालाही. तेवढी तयारी आहे का बघ.

परत वेळ आली तर मी करेन का? आमच्या मुलीसाठी हो. पण एक वर्ष आधी अध्ययन अक्षमतेचं सरकारी सर्टिफिकेट काढलं असतं तर कदाचित शाळा सोडवायची वेळच आली नसती, हेही तितकंच खरं आहे.


गुहागर_बाबा:

आम्ही उलट केलं, शाळा बदलली. पाच किलोमीटर लांबची, छोटी, वर्गात बावीस मुलं. हेडसर भला माणूस निघाला, एवढंच कारण, बाकी काही नाही. दहावीला ५४ टक्के, रायटर म्हणजे लेखनिक घेऊन. तालुक्यात अजून किती शाळा आहेत त्या सगळ्या एकदा फिरून बघा, मुलाला बरोबर न्या, आणि हेडमास्तर मुलाशी बोलतात की फक्त तुमच्याशी, ते बघा.


सागर_९०:

मला नाही पटत हे सगळं. आमच्या वेळी छडी होती, सगळे वाचायला शिकले. लाड जास्त होतायत. रोज दोन पानं शुद्धलेखन लिहून घ्या, सहा महिन्यांत सुधारेल.


निवृत्त_बाई:

सागर दादा, मी एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं आणि शेवटची नऊ वर्षं समावेशित शिक्षणाचं काम केलं. सगळे शिकले नाहीत. जे शिकले नाहीत ते शाळा सोडून गेले, म्हणून ते तुम्हाला आठवत नाहीत. माझ्या वर्गातल्या अशा सात-आठ मुलांचे चेहरे मला आजही आठवतात, त्यातल्या दोघांना मी स्वतः मारलंय. दोन पानं शुद्धलेखनाने या मुलांचं काहीही सुधारत नाही, फक्त हात दुखतो आणि चुकीचं अक्षर पक्कं होतं. कृपा करून हा सल्ला कोणाला देऊ नका.

आता ताईंसाठी. तुम्ही घर की शाळा हे आधी ठरवायला निघालात. माझ्या मते तो प्रश्न दुसरा आहे, पहिला प्रश्न कागदाचा आहे. कोल्हापूरचा रिपोर्ट खासगी आहे. तो मुलाला समजून घ्यायला उत्तम, पण दहावीच्या बोर्डात चालत नाही. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. आधी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, तपासणारं मेडिकल बोर्ड कोणत्या वारी बसतं ते फोन करून विचारूनच निघा, नाहीतर कणकवलीला एसटी बदलून जायचं आणि हात हलवत परत यायचं असं होतं. तिथे एलडीची, म्हणजे अध्ययन अक्षमतेची, तपासणी होत नसेल तर कुठे पाठवतात ते लेखी मागून घ्या. मुंबईत सायन आणि नायर या दोन्ही हॉस्पिटलांत एलडीचं काम कित्येक वर्षं चालतं, पण तिथे तारखा लांबच्या मिळतात, म्हणून आजच सुरुवात करा. रिपोर्ट, शाळेच्या वह्या, अर्धवट पानांच्या त्याच वह्या, सगळ्या प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्स, आधार, सगळं एका फायलीत ठेवा. त्या वह्या टाकू नका हो, तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातला एक आहे, त्यामुळे फॅड वगैरे म्हणणाऱ्यांना हे एकच वाक्य पुरे. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळतं आणि २०१८ च्या नियमांप्रमाणे १४ व्या आणि १८ व्या वर्षी परत तपासणी होते, म्हणजे तुमचा मुलगा अगदी योग्य वयात आहे. त्याच कायद्यात सरकारने परीक्षेत बदल करून द्यायचे, जास्त वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे स्पष्ट लिहिलंय. आपल्या बोर्डात तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, लेखनिक एक इयत्ता खालचा असतो, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण कापत नाहीत, गणिताला अडचण असेल तर सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं. प्रस्ताव शाळेमार्फत रत्नागिरीच्या विभागीय मंडळाकडे जातो. आणि शाळेने १७ नंबर सुचवला ना, तो त्यांच्या सोयीचा आहे, तुमच्या नाही. २०२४ ला कोकण मंडळाचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला, राज्यात पहिला. त्या आकड्याचा मलाही अभिमान आहे, मी इथलीच आहे, पण तो आकडा राखायला एखाद्या पोराला दाराबाहेर ठेवत असतील तर मला ते सहन होत नाही. नियमित विद्यार्थी म्हणून बसणं हा त्याचा हक्क आहे. शाळेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. भांडायचं नाही, फक्त लेखी. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

अजून एक, बरेच पालक गोंधळतात म्हणून. घरी येऊन शिकवणारे शिक्षक, ज्याला गृहाधारित शिक्षण म्हणतात, ते तीव्र आणि बहुविध दिव्यांग मुलांसाठी आहे. तुमच्या मुलासाठी ते लागू होणार नाही, त्यावर अवलंबून राहू नका. पण तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष तज्ज्ञ असतात, त्यांना जाऊन भेटा, शाळेला समजावायला त्यांचा उपयोग होतो.

आता पाऊणपट. ताई, ते वाचून मी खुर्चीतून उठले. पंचमीची पाऊणपट पावणेचार म्हणजे पाच गुणिले तीन छेद चार. तुमचा मुलगा अपूर्णांकांचा गुणाकार तोंडी करतोय! त्याला गणित येतं, त्याला गणिताचं वाचन येत नाही. म्हणून माझी हात जोडून विनंती, सवलत मिळतेय म्हणून सातवीचं अंकगणित घेऊ नका, आणि मुक्त विद्यालयात गेलात तर गणित सोडू नका. तिथे गणिताशिवाय दहावी होते, पण मग आयटीआयचे चांगले ट्रेड आणि डिप्लोमा हातातून जातात. वेल्डर, वायरमन, सुतारकाम अशा काही ट्रेडला दहावी पास लागत नाही हे खरं, पण डिझेल मेकॅनिकला दहावी लागते आणि गणित-विज्ञान असलेलं बरं. इंजिनाचा कान असलेल्या मुलाचं दार तुम्ही स्वतः बंद करू नका.

आणि उद्यापासून एक करून बघा. शाळेचं पुस्तक बाजूला ठेवा. अर्ध्या पानावर मोठ्या अक्षरात त्याचेच शब्द लिहा. भरती, ओहोटी, सुकाणू, नांगर, इंजिन, पंखा. मग फक्त र घ्या. मराठीत र किती वेश बदलतो बघा, 'प्र' मध्ये खाली तिरपा, 'र्प' मध्ये डोक्यावर, 'ट्र' मध्ये वेगळाच, 'ऱ्या' मध्ये अजून वेगळा. 'समुद्र' तिथेच अडतो त्याचा. आणि पहिली वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते पण उच्चारायची नंतर. आपल्याला सवय झाली म्हणून कळत नाही, या मुलांना प्रत्येक वेळी ते कोडं असतं. रवा किंवा ओली वाळू ताटात घ्या आणि बोटाने मोठं 'द्र' काढायला सांगा, तोंडाने म्हणत. दिवसाला एकच जोडाक्षर. वीस मिनिटं झाली की ताट उचला, तो अजून म्हणाला तरी.


मालवणी_मेकॅनिक:

हे मी बोलून टाइप करतोय फोनमध्ये त्यामुळे चुका झाल्या तर घ्या समजून. ताई मी मालवणचा, वय ३१, माझं तुमच्या मुलासारखंच होतं फक्त तेव्हा नाव नव्हतं त्याला, मला ढ म्हणायचे, सातवीत नापास झालो आणि घरी बसलो, घरच्यांनी पण म्हटलं बस झालं. ते होमस्कूलिंग नव्हतं, ते नुसतं घर होतं. पहिले दोन महिने स्वर्ग, पोटात दुखणं थांबलं, सकाळी उठून बंदरावर, पण नंतर काय झालं की सगळे पोरगे दहावी झाले, पेढे वाटले आणि मी त्या दिवशी दिवसभर खाडीच्या पलीकडे जाऊन बसलो. एवढंच सांगायचं होतं, की घरी ठेवणार असाल तर त्याच्या हातात तारीख द्या, ही परीक्षा अमुक महिन्यात, मग अमुक. तारीख नसली की माणूस बुडतो.

नंतर मामाचा टेम्पो होता, मी चालवायला एक नंबर शिकलो पण लायसन्स नाही, तेव्हा मालवाहू गाडीच्या लायसन्सला आठवी पास लागायची आणि मी सातवी नापास. सहा-सात वर्षं क्लीनर म्हणून बसलो, चालवायचा दुसराच. २०१९ ला ती अट काढली सरकारने तेव्हा कुठे मिळालं. एका इयत्तेसाठी. म्हणून कागद सोडू नका कुठलाच.

आता मी इंजिनं करतो, बोटीची. सहा सिलिंडर उघडून परत बसवतो पण पार्टचा नंबर मागवायचा असला की अजून घाम फुटतो, ८ आणि ४ मराठीत लिहिलेले असले तर ठीक नाहीतर बायकोला फोटो पाठवतो आणि ती वाचून सांगते. कंपनीचं मॅन्युअल फोनला वाचायला लावतो, आता फोन मराठी पण वाचतो, मुलाला आजच शिकवा ते, बोलून लिहिणं आणि ऐकून वाचणं. मला पंचविसाव्या वर्षी कळलं, त्याला चौदाव्या वर्षी कळू दे.

आणि एक, मासेमारी बंदीत म्हणजे १ जून ते ३१ जुलै सगळ्या बोटी वर घेतलेल्या असतात, इंजिनं उतरवतात, तेव्हा त्याला कोणा चांगल्या माणसाकडे बसवा रोज दोन तास, शाळा चालू असली तरी संध्याकाळी. त्याला कळू दे की आपण कुठेतरी पहिल्या बाकावर आहोत. आमच्याकडे आणत असाल तर मी शिकवीन, मनापासून सांगतोय.


रत्नागिरीची_मावशी:

मेकॅनिक दादा, 'नुसतं घर होतं' हे वाचून अंगावर काटा आला. ताई, दादांनी म्हटलं तसं बंदीतच तुझे मिस्टरही घरी असतील. त्याच्याही आधी मे महिन्यापासूनच घरी शिकवून बघ ना, शाळा न सोडवता. सुट्टीच आहे. सहा आठवड्यांत तुला कळेल तुमचं दोघांचं जमतं का ते. आम्हाला हे सुचलं नव्हतं, आम्ही थेट दाखला काढला.

आणि एक विचारायचं राहिलं. तू सगळ्यांचं मत लिहिलंस, मिस्टरांचं, सासूबाईंचं, माहेरचं. त्याचं लिहिलं नाहीस. त्याला विचारलंस का?


किनाऱ्यावरची:

सगळ्यांचे खूप खूप आभार, चार दिवस उत्तर द्यायला जमलं नाही कारण मावशींचा शेवटचा प्रश्न वाचला आणि लाज वाटली. विचारलंच नव्हतं. रिपोर्ट आला, कोल्हापूरला जाऊन आलो, शाळेत तीनदा गेलो, सगळं त्याच्याबद्दल, आणि तो बाहेर पायरीवर बसलेला असायचा.

परवा संध्याकाळी आम्ही दोघं जेटीवर गेलो. मी म्हटलं, बाबू, जूनपासून शाळेत नको जाऊ, घरीच शिकू आपण, चालेल? मला वाटलं खूश होईल. तो बराच वेळ पाण्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "आये, माका शाळा नको असा नाय. माका तो पाटलो बाक नको."

मग बोलत सुटला. त्याला कबड्डी सोडायची नाही, विज्ञानाचे सर आवडतात कारण ते तोंडी विचारतात, वर्गात उभं करून वाचायला लावतात ते मात्र नको, मेलो तरी नको म्हणाला. आणि सगळ्यात जास्त काय लागलं तर मास्तरांचं बोलणं नाही, तर त्याचा लहानपणापासूनचा मित्र होता त्याला त्याच्या शेजारून उठवून पुढे बसवलं, अभ्यासावर परिणाम होतो म्हणून. हे मला आठ महिन्यांनी कळतंय.

तर आत्तापुरतं असं ठरलंय. दाखला काढत नाही. ओरोसला फोन केला, वार कळला, पुढच्या आठवड्यात जातोय, वह्या सगळ्या भरून ठेवल्यात. शाळेला अर्ज लिहिलाय, बाई, तुम्ही सांगितलं तसा, त्यात तीनच गोष्टी मागितल्यात, पुढचा बाक मित्राशेजारी, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावायचं नाही, आणि फळ्यावरचं फोनवर फोटो काढून घरी आणू द्यायचं किंवा मित्राच्या वहीची झेरॉक्स. गुहागर दादा, शेजारच्या गावातली शाळाही बघून येणार आहोत, त्याला घेऊन. दोन्हीकडे नाहीच जमलं तर दिवाळीनंतर मुक्त विद्यालय, गणित धरून, आणि मे महिन्यात घरी करून बघतोय तेव्हा आमचं दोघांचं किती जमतं तेही कळेल. सासूबाईंना पाऊणपटीचं बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री त्याला स्वतःच्या हाताने वाढलं.

काल ताटात वाळू घेतली. 'द्र' त्याने अकरा वेळा काढला. मग उठून आत गेला आणि कॅलेंडर घेऊन आला, मागच्या पानावर समुद्राचं चित्र आहे, त्याखाली लिहिलंय ते बोट ठेवून वाचलं, स मु द्र. परत एकदा वाचलं. मग म्हणाला आता पुरे, वीस मिनिटं झाली.

मेकॅनिक दादा, जूनमध्ये मिस्टर त्याला घेऊन मालवणला येतील, शनिवारी चालेल का ते सांगा.


मालवणी_मेकॅनिक:

शनिवार चालेल ताई, सकाळी नऊच्या आधी या, बोट वरच घेतलेली असते. जुने कपडे घालून पाठवा, ऑइल लागतं. जेवण आमच्याकडे.